जॅकेटच्या आतला बेल्ट

विलास,

समोर कुणी असलं की मी तुला 'अहो' म्हणायचे आणि एकटी असले की 'तू'. फोनवर तर तू लगेच ओळखायचास. "अहो म्हणालीस, म्हणजे गिऱ्हाईक उभं आहे," असं म्हणून हसायचास. आता समोर कुणी नाही. मिनू शाळेत गेलीय, खालच्या बेकरीतून गरम खुबूज रोटीचा वास वर येतोय आणि झिंजच्या या दोन खोल्यांत मी एकटी बसलेय. म्हणून तूच म्हणते.

भेटायला येणाऱ्यांना मी एवढंच सांगते, की गुलमर्गला बर्फात काम करताना हार्ट अटॅक आला. लोक हळहळतात. कुणी म्हणतं, एवढ्या उंचावर, एवढ्या थंडीत कोकणातल्या माणसाने जायचंच कशाला. मी चहा ठेवायला उठते. तुझं जाणं मी फोनवर ऐकलं, हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. मिनूलाही नाही. तुलाही ते ठाऊक नसणार. तुझ्या लेखी मी गिऱ्हाईक बघत होते.

लग्न होऊन मी कराडहून इथे आले तेव्हा माझ्याकडे बी.कॉम.ची डिग्री होती आणि बहारीनबद्दल काडीची माहिती नव्हती. तू साखीरच्या वाळवंटाकडच्या एका वर्कशॉपमध्ये होतास. थंडी सुरू झाली की इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात, पोरंबाळं बग्या, म्हणजे वाळूत चालणाऱ्या छोट्या उघड्या गाड्या, उडवतात आणि त्या मोडल्या की तुझ्याकडे येतात. माझ्या पहिल्याच आठवड्यात तू एक फाटका काळा बेल्ट घेऊन घरी आलास. मी पोळ्या करत होते. तू जमिनीवर पेपर पसरलास, त्यावर बेल्ट ठेवलास आणि मला हाक मारलीस.

"शैला, इकडे ये. याला काय झालं असेल, सांग."

"तुटलाय."

"तुटलाय ते दिसतंय गं. का तुटलाय?"

मला वाटलं, हा माणूस जरा वेडा आहे. पोळी तव्यावर जळली तरी तू समजावून सांगत होतास. या गाडीला गिअर नसतात. एक पुली इंजिनाला, दुसरी चाकांकडे जाणाऱ्या दांड्याला, आणि दोघींमध्ये हा एवढा रबराचा बेल्ट. रेस दिली की पुढची पुली मिटत जाते, मागची उघडत जाते, बेल्ट त्यांच्या मधून वर-खाली सरकतो आणि गाडी वेग घेते. सगळी ताकद या एका पट्ट्यातून जाते. त्याच्या कडा विस्कटल्या असतील तर पुल्या एका रेषेत नाहीत. अंग चकचकीत झालं असेल तर तो घसरत होता. एकाच जागी जळून बारीक झाला असेल तर इंजिन फिरत होतं आणि चाकं कशात तरी अडकून पडली होती. "ड्रायव्हर काहीही सांगेल," तू म्हणालास, "तू बेल्टला विचार."

पुढे सलमाबादच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात मला काउंटरवर घेतलं ते त्या पेपरवरच्या बेल्टांच्या जोरावर. तुझे आभार मानायचे राहूनच गेले. नवऱ्याचे आभार कोण मानतं? तेव्हा ते विचित्र वाटलं असतं. आता मानावेसे वाटतात तर कुठे ऐकवू.

वर्कशॉपच्या मालकाने बग्यांचा धंदा बंद केला तेव्हा तुझा व्हिसा माझ्या नावावर घ्यावा लागला. इथे आपली जबाबदारी घेणाऱ्या मालकाला कफील म्हणतात. तू सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटलास, "आता शैला माझी कफील. विचारल्याशिवाय बाहेर पडत नाही." लोक हसत होते, तूही हसत होतास, पण घरात बसून तू सुकत चालला होतास ते मला दिसत होतं. चालू मिक्सर खोलून पुन्हा जोडलास. वॉशिंग मशीनचा बेल्ट चांगला होता, तरी बदललास. संध्याकाळी मी कामावरून आले की मला पाणी द्यायच्या आधी विचारायचास, "आज काय आलं काउंटरवर?"

अशात बशीरचा फोन आला. बशीर वर्कशॉपमध्ये तुझ्या शेजारच्या बाकावर काम करायचा. मग तो काश्मीरला परत गेला आणि गुलमर्गला भावांबरोबर टूरिस्टांसाठी स्नोमोबाइल चालवायला लागला. समोर दोन पट्ट्या, मागे रुंद रबरी ट्रॅक, अशी ती बर्फावरची स्कूटर. थंडीत त्यांच्याकडे मशीन नीट ठेवणारा माणूस नव्हता. स्पीकरवर मी ऐकत होते.

"विलास भाई, मशीन वही है जो उधर थी. दो पुली, एक बेल्ट. बस रेत का रंग सफ़ेद है."

तू फोन हातात धरून माझ्याकडे बघितलंस. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर बघितलं होतंस, तसं.

लांज्याला तुमच्या घरी स्वेटर फक्त तापात घालतात. तसला तू, आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघायला निघालास. तिथून पहिल्या सकाळी फोन केलास तेव्हा दात वाजत होते आणि आवाजात मात्र उत्साह मावत नव्हता. "शैला, गाडी चालू होते, पण जागची हलत नाही. रेस दिली की जळका वास येतो. क्लच गेला म्हणून मी सगळं खोललं, तर क्लच मस्त. मग काय असेल, सांग." मी काउंटरवरून सगळं सांगून पाहिलं. एकही बरोबर आलं नाही. तू तासभर मला झुलवलंस आणि मग सांगितलंस. आदल्या दिवशीचा ओला बर्फ ट्रॅकमध्ये, चाकांमध्ये शिरला होता आणि थंडीत त्याचा दगड झाला होता. ट्रॅक जमिनीलाही चिकटला होता. बशीरच्या माणसांना वाटत होतं, जोर लावला की सुटेल. तो जोर सगळा बेल्टवर जात होता.

मग तू त्यांना शिस्त लावलीस. संध्याकाळी गाड्या लाकडी फळ्यांवर चढवून ठेवायच्या. सकाळी आधी मागची बाजू उचलून स्टँडवर घ्यायची, लाकडी हातोडीने बर्फ झाडायचा, इंजिन मंद चालू ठेवून ट्रॅक हवेत हळू फिरू द्यायचा, आणि त्या वेळी कुणीही मागे उभं राहायचं नाही. ट्रॅकमधून बर्फाचा तुकडा सुटला तर गोळीसारखा येतो. बेल्टच्या डब्यात बर्फ गेलाय का बघायचं, पुल्या कोरड्या पुसायच्या. थंड बेल्ट लाकडासारखा ताठ असतो, त्याला लगेच पळवला की तडकतो. हे सगळं तू मला व्हिडिओवर दाखवायचास आणि मी एका हाताने गिऱ्हाइकाला फिल्टर काढून देत बघायचे.

स्पेअर बेल्ट तर तू रात्री रजईत घेऊन झोपायचास. ऊब राहिली की सकाळी ते मऊ असतात म्हणे. बशीरच्या आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला वाटलं, या परदेशातून आलेल्या माणसाचं काहीतरी व्रत आहे. मी म्हणाले, "इकडे कधी मला असं जपून ठेवलं नाहीस." तू म्हणालास, "तू तडकत नाहीस ना." किती हसलो होतो आपण. मिनूने विचारलं काय झालं, तर दोघांनाही तिला सांगता येईना.

पहिला सीझन संपवून आलास तेव्हा गाल फुटलेले, नाक काळं पडलेलं आणि तू दहा वर्षांनी लहान दिसत होतास. मी ठरवलं, झाली हौस, आता पुरे. वरच्या मजल्यावरचे अभ्यंकर अस्करकडच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात इंजिनिअर आहेत. त्यांना मी सांगून ठेवलं होतं. कन्व्हेयरच्या देखभालीला माणूस हवा होता. माझ्या आग्रहाखातर तू जाऊन बघून आलास, चप्पल काढलीस आणि सोफ्यावर बसलास.

"काय झालं?"

"चांगलं आहे सगळं."

"मग?"

"तिथला बेल्ट सरळ जातो गं. चढत नाही, उतरत नाही, दमत नाही. मी नुसता बघत बसायचं."

"संध्याकाळी घरी तर येशील."

"येईन ना. हा एक सीझन होऊ दे, मग बघू. इंशाल्ला."

तू 'इंशाल्ला' म्हणालास की त्याचा अर्थ 'नाही' असतो, हे मला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत होतं. मी भांडी आपटली. तू मिनूला घेऊन खाली चक्कर मारून आलास. तो विषय तिथेच राहिला. अभ्यंकर परवा भेटायला आले होते, ते त्या नोकरीबद्दल काही बोलले नाहीत. मीही नाही.

या सीझनला आपलं दुसरंच भांडण चालू होतं आणि खरं सांगू, ते मला आवडत होतं. बेल्ट जरा जास्तच तुटत होते. मी म्हणत होते, एवढ्या उंचावर हवा विरळ, इंजिनाची ताकद कमी होते. क्लचमधली, म्हणजे पुढच्या पुलीतली वजनं खालच्या हवेला बसवलेली, ती तिथे जड पडतात. हलकी घाल. तू म्हणत होतास, वजनांचा काही दोष नाही. ड्रायव्हर घाई करतात, गोठलेला ट्रॅक न सोडवता रेस देतात.

"तू काउंटरवर बसून मला शिकवू नकोस."

"मी गाड्या बघितल्या नाहीत, कॅटलॉग बघितलेत. उंचीप्रमाणे वजनं बदला, असं तिथे छापलंय."

"छापणाऱ्याने गुलमर्ग बघितलंय का?"

रोज हेच. मिनू वैतागून इंग्रजीत म्हणायची, तुम्ही दोघं नॉर्मल लोकांसारखं बोलूच शकत नाही का? आपण नॉर्मलच बोलत होतो. तसं बोलणं मला आता कुणाशी करता येणार नाही, हे तिला कसं कळावं.

त्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. वाळवंटातल्या तंबूंचा जोर असला की असतेच. दुपारी तुझा व्हिडिओ कॉल आला. मी फोन कॅटलॉगच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला. मागे पांढरा उतार, बाजूला बशीर, आणि तुझा चेहरा पडद्यावर मावत नव्हता इतका जवळ.

"बघ, बघ, सापडला!" तू एक तुटलेला बेल्ट कॅमेऱ्यासमोर नाचवलास. एका जागी जळून तो दोरीसारखा झाला होता. "टूरिस्टांना फोटो काढायला इथे उभं केलं, तेवढ्यात ट्रॅक गोठला. मग तो ड्रायव्हर पठ्ठ्या रेस देत बसला. झालं की नाही माझं खरं?"

"एक बेल्ट म्हणजे सगळे बेल्ट नव्हेत."

"हरलीस की असंच बोलतेस."

टूरिस्टांना आणि ड्रायव्हरला दुसऱ्या गाडीने खाली पाठवलं होतं. वर तुम्ही दोघंच होता. तू जॅकेटची चेन उघडलीस आणि आतून नवा बेल्ट काढलास. "पोटाशी धरून आणलाय. बघ कसा वाकतोय." तुझ्या कपाळावर मला काहीतरी चमकताना दिसलं.

"घाम कसला आलाय तुला?"

"शेवटचा चढ चालत आलो गं. मऊ बर्फात पाय रुततात."

"आणि हात का चोळतोयस?"

"बधिर झालाय थंडीने. हातमोजे घालून बेल्ट चढत नाही."

तू डब्यातला बर्फ काढलास, दोन्ही पुल्या फडक्याने पुसल्यास, मागची पुली उघडून बेल्ट कडेकडेने आत घेतलास. मध्येच थांबून तोंडाने श्वास घेतलास. बशीर म्हणाला, "आराम से, भाई." मीही म्हणाले, की राहू दे ते, आधी खाली ये. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. आता फक्त गोठलेला ट्रॅक सोडवायचा होता. वर स्टँड नव्हता, मागची बाजू दोघांनी हातावर उचलावी लागणार होती.

तेवढ्यात माझ्या समोर एक माणूस येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत फोनकडे बोलले, "अहो, तुम्ही उचलू नका. बशीरला करू द्या."

"गिऱ्हाईक आलं वाटतं," तू म्हणालास आणि हसलास. "तू बघ त्याला. मी एवढं मोकळं करतो."

फोन तू सीटवर ठेवलास. पडद्यावर नुसतं आकाश आलं. करडं, त्यात काहीच नाही. मला तुमचा आवाज येत होता. हातोडीचे ठोके. बशीरचं "एक, दो". मग बर्फ तडकल्याचा आवाज. इंजिन चालू झालं. "छोड़, अब घूमने दे," असं तू म्हणालास, दम लागलेल्या आवाजात. ट्रॅक फिरायला लागला, आधी अडखळत, मग एकसारखा. मी समोरच्याला ऑइल फिल्टर दिला.

मग बशीर म्हणाला, "विलास भाई?" आधी साध्या आवाजात. जसं कुणी काही विचारायला हाक मारावी. मग मोठ्याने. मग ओरडून.

मी फोन उचलला. त्यात आकाशच होतं. मी "बशीर, बशीर" करून ओरडत होते आणि माझा आवाज तिकडे त्या सीटवरच्या फोनमधून कुणाला ऐकू जाणार होता? इंजिन चालूच होतं. इतकं स्वच्छ चालू होतं, विलास, की बेल्ट नीट बसलाय हेही मला त्या क्षणी कळलं. ते कळून मी काय करणार होते. मग पडदा काळा झाला. थंडीत फोनची बॅटरी अशीच एकदम मरते, तूच सांगितलं होतंस.

बहारीनच्या अँब्युलन्सचा नंबर मला पाठ आहे. तो किती वेळा बोटाशी आला. दुकानातल्या सगळ्यांनी मला घेरलं, कुणी पाणी दिलं, कुणी विचारलं कुठे झालंय, रिफाला की मनामाला, गाडी काढू का? मी म्हणाले, गुलमर्गला. कुणालाच ते कुठे आहे माहीत नव्हतं. हात जोडून उभी असल्यासारखी मी फोन धरून उभी होते. तुझा नंबर लावत राहिले, बशीरचा लावत राहिले. दोन्ही लागत नव्हते.

शेवटी बशीरनेच खालच्या हॉस्पिटलमधून फोन केला. बराच वेळ तो नुसता "भाभी, भाभी" म्हणत होता. त्याने तुला पुढे बसवून, शालीने स्वतःच्या अंगाशी बांधून खाली आणलं होतं. त्याच गाडीवर. "गाड़ी एक बार भी नहीं रुकी, भाभी," तो म्हणाला. डॉक्टरांनी तपासलं आणि काही उरलं नाही असं सांगितलं.

त्यानंतर तिकडे बर्फ पडायला लागला. रस्ता बंद, श्रीनगरहून विमानं बंद. मी आणि मिनू मुंबईला उतरून लांज्याला पोहोचलो तरी तू यायचा होतास. मी तुझ्या घरी तुझी वाट बघत बसले होते. तिथे ऊन असं, की अंगणात पाय ठेववेना. तुझ्या दादांनी सगळं हातात घेतलं होतं, मला काही करायला नव्हतं. लोक येत होते, माझ्याकडे बघत होते, आणि मी मोबाइलवर श्रीनगरचं हवामान बघत होते.

बशीर तुझ्याबरोबर आला. लांज्याच्या उन्हात तो गुडघ्याच्या खाली येणारा लोकरी फिरन घालून गाडीतून उतरला. बदलायला त्याने दुसरं काही आणलंच नव्हतं. तुला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा आई आतून ओरडल्या, "पाणी कढत करा. थंडीतनं येतोय तो." कुणीतरी म्हणालं, आता कढत काय नि गार काय. आईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो चुलीकडे गेला. तुझ्या उजव्या हाताच्या बोटांची सालपटं निघाली होती. पुलीच्या कडेने निघतात तशी. मी पाणी ओतत होते आणि मला तेवढंच दिसत होतं.

सगळं आटोपल्यावर आई बशीरसमोर जाऊन बसल्या. त्याला मराठी कळत नाही, त्यांना हिंदी येत नाही.

"याला विचार गं," त्या मला म्हणाल्या, "माझ्या पोराला तिथं पांघरूण होतं काय पुरेसं?"

मी विचारलं. बशीर मान खाली घालून म्हणाला, "अम्मा, मेरी माँ ने अपनी रज़ाई दी थी उसको."

मी सांगितलं. आईंनी मान हलवली. मग त्याला ताटात भात वाढून आणला आणि तो जेवेपर्यंत समोरून उठल्या नाहीत. जाताना तो मला म्हणाला, "मैंने बुलाया था, भाभी. मैं न बुलाता तो..." मला त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. एस.टी. सुटली तशी त्याने खिडकीतून हात केला, आणि मला आठवलं, की त्याला तुझी शेवटची गोष्ट विचारायची राहिली. तू खाली येताना काही बोललास का? आता फोन करून विचारता येईल. करत नाही. तू काही बोलला नाहीस असं उत्तर आलं तर पुढचे दिवस काढायचे कसे?

आणि तुझ्यावर रागवायचं तर कुठून सुरुवात करू? घाम बघून मला कळलं होतं. मी सांगितलंही होतं. तू हसलास. एवढ्या मोठ्या माणसाला फोनमधून हात घालून खाली बसवता येत नाही. आणि त्या वजनांबद्दल म्हणशील तर अजूनही मला वाटतं, की ती जडच होती. तो एक बेल्ट ट्रॅकने जाळला, मान्य. बाकीच्यांचं काय? बोल ना.

मिनूची शाळा होती, म्हणून परत आलो. परवा शाळेचे कपडे घालता घालता इंग्रजीत म्हणाली, बाबांना तिथे एकटं वाटलं असेल का? मी मराठीत म्हणाले, "नाही गं. बशीरकाका होते. काम चालू होतं." ती 'ओके' म्हणाली आणि बराच वेळ एकाच बुटाची नाडी बांधत राहिली. तिच्याशी आणखी काय बोलायचं असतं ते मला येत नाही. तू असतास तर काहीतरी उलटंसुलटं बोलून तिला हसवलं असतंस.

काल मी कामावर गेले. घरात बसून तरी काय. सकाळी दुकान रिकामं होतं आणि अबू जासिम आला. तोच, पांढरी दाढी, नातवंडांना घेऊन दर थंडीत वाळवंटात राहणारा. वर्कशॉप बंद पडल्यावरही तो बगी घेऊन आपल्या बिल्डिंगखाली यायचा आणि तू पार्किंगमध्ये आडवा पडून ती दुरुस्त करायचास. तो काउंटरला टेकला आणि नेहमीसारखा म्हणाला, "विलास वेन?" विलास कुठाय?

मला त्याची भाषा येत नाही, तू बोलायचास तेवढीही नाही. पार्ट नसला की म्हणायचे तेवढे शब्द येतात. मी म्हणाले, "विलास मफी." विलास नाही.

त्याला वाटलं, तू गावी गेलास. "इंडिया?" त्याने विचारलं. मग बोटाने पुढचा दिवस दाखवून म्हणाला, "बुकरा?" उद्या?

मी म्हणाले, "बुकरा मफी."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्याकडे बघितलं. मग त्याच्या हातातली जपमाळ थांबली. "अल्ला यरहमा," अल्ला त्याच्यावर दया करो, असं तो म्हणाला आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला. मी काउंटरमागे उभी होते. त्याला पुष्कळ काही विचारायचं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही त्याला सगळं सांगायचं होतं, जे कुणालाच सांगितलं नाही ते. आम्हा दोघांजवळ मिळून तेवढे शब्द नव्हते.

मग त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "विलास झेन." विलास चांगला.

"झेन," मी म्हणाले.

तो उठेना, आणि मीही त्याला काय पाहिजे ते विचारलं नाही.